अक्का कानला जाते

माझी मुलगी फ्रान्समध्ये ज्या शहराजवळ राहते त्या शहराचं नाव कान. लिहिलेलं पाहिलं तर कान्स, कान्नेस, काय वाटेल ते वाचता येतं. पण तिथले लोक शेवटची दोन-तीन अक्षरं शोभेपुरती ठेवतात आणि उच्चार करतात तो सरळ आपला कान. जगातले धनिक जिथे आपापल्या बोटी नांगरून एकमेकांच्या बोटी मोजतात, जिथे दरवर्षी सिनेमाचा उत्सव भरतो आणि नट्या पायरीपायरीवर थांबून मागे वळून पाहतात, त्या शहराला ऐकायच्या अवयवाचं नाव असावं ही गंमत फक्त मराठी माणसाला कळते. त्रासही त्यालाच होतो. आमच्या घरात तो जरा जास्त झाला, कारण घरात त्या वेळी एक खराखुरा कान बिघडलेला होता. खरं तर दोन्ही.

हे कान माझ्या थोरल्या बहिणीचे. तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. तंजावूरला राजवाड्याच्या पश्चिम अंगाला आमचं घर. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, मी कॉलेजात इंग्रजी शिकवून. तिचे यजमान गेले, माझी बायको गेली, आणि दोन चुली पेटवण्यापेक्षा एक बरी म्हणून आम्ही एकत्र राहायला लागलो. ती मला तंबी म्हणते. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ, मराठीत तंबी म्हणजे सक्त ताकीद. अक्काच्या तोंडी हा शब्द नेमका कुठल्या भाषेतला असतो ते मला सदुसष्टाव्या वर्षीही कळलेलं नाही.

दोन वर्षांपासून तिला कमी ऐकू येत होतं. हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तिच्या मते लोक हल्ली पुटपुटतात. शाळांतून पाठांतर गेल्यापासून कुणाचे उच्चार स्पष्ट राहिलेले नाहीत. मी एकदा तिला गोड बोलून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि यंत्र लावायला सांगितलं. ती म्हणाली, "ह्या डॉक्टरला सुद्धां नीट बोलतां येत नाहीं," आणि उठून चालू लागली. यंत्र म्हणजे म्हातारपणाची पाटी, आणि ती पाटी गळ्यात घालून आपण गल्लीतून जाणार नाही, हे तिने रिक्षात मला बजावलं. रिक्षावाल्यालाही.

माझी अडचण काय होती तेही सांगून टाकतो. गल्लीत एके काळी ओळीने मराठी घरं होती. आता त्यांतली मुलं तमिळ बोलतात आणि म्हातारी माणसं बहुधा झोपलेली असतात. दिवसभर जिच्याशी मराठीत बोलावं अशी मला एकच व्यक्ती उरली होती, आणि तिच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. ओरडून निरोप देता येतो, विनोद करता येत नाही. आमच्याकडे ताकाला तमिळसारखंच मोर म्हणतात. "आज मोरात मीठ जास्त झालं" हे वाक्य तीनदा ओरडलं की ती तक्रार राहत नाही, भांडण होतं, आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा आमच्या ताकाविषयी मत बनवतो. मग मी तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागलो. उरलेलं तिच्यासमोर बसून, हलक्या आवाजात, स्वतःशी. ह्याचे फायदे नव्हते असं नाही. दोन वर्षं मी तिच्या मोरावर, तिच्या मतांवर आणि तिच्या मैत्रिणींवर तिच्या तोंडावर मनसोक्त टीका केली, आणि ती प्रसन्नपणे मान डोलवत राहिली. पण ज्याच्यावर कुणी चिडत नाही असा टोमणा फार दिवस मारवत नाही. संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघं बसायचो आणि बोलायचो नाही. मला ती शांतता आवडत नव्हती, आणि ते मला तिला ओरडून सांगता येत नव्हतं.

अशा वेळी मुलीने आम्हां दोघांना बोलावलं. मी अक्काला सांगायला गेलो.

"अक्का, आपल्याला कानला जायचंय!"

"मी नाहीं येत."

"अगं, तिकिटं काढलीत!"

"कानाला तिकीट कशाला? टोकन असतें. मागच्या वेळीं बाविसावें होतें."

"तो कान नव्हे! गाव! गावाचं नाव कान आहे! फ्रान्समध्ये!"

"फ्रान्समधला डॉक्टर? इथल्यानें काय कमी केलें होतें?"

शेवटी मुलीने व्हिडिओवर समुद्र दाखवला. निळं पाणी, माडांसारखी पण माड नसलेली झाडं, पांढऱ्या बोटी. अक्काने चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टरच्या भिंतीवर सुद्धां असेंच चित्र होतें." व्हिसा आला, बॅगा भरल्या, पोडीचे, म्हणजे डाळ-मिरचीच्या कोरड्या चटणीचे, डबे कपड्यांत गुंडाळले, तरी तिच्या मनातला संशय गेला नाही. हा सगळा घाट तिला परक्या देशात नेऊन, जिथे उठून जाता येणार नाही अशा ठिकाणी, यंत्र बसवण्यासाठी आहे असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर असा घाट मला सुचला असता तर मी घातलाही असता.

समोरच्या घरातल्या तमिळ मामींनी आमची ओरडाओरड ऐकली होती. तमिळमध्ये कण् म्हणजे डोळा. मामी काळजीने आल्या, कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि त्यासाठी इतकं लांब का, मदुरैला चांगलं करतात, असं म्हणाल्या आणि त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळचा मोठा काळा चष्मा अक्काला देऊन गेल्या. अक्काला त्यांचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. पण दिलेली वस्तू परत करायची नसते, म्हणून तिने तो पर्समध्ये टाकला.

इथे आमच्या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तंजावूरच्या प्रत्येक मराठी घराकडे राजवाड्यातलं एकेक खातं असतं. कुणाच्या पूर्वजांकडे चवरी होती, कुणाकडे मशाल, कुणाकडे राजाच्या पानाचा चुना. राजे गेले, राजवाड्यात तिकीटखिडकी आली, पण खाती घराघरांत अजून चालू आहेत. आमच्याकडे पायघड्या होत्या. दरबारात कुणी मोठा माणूस आला की त्याच्या पायाखाली कापड अंथरायचं आणि तो पुढे गेला की मागून गुंडाळत यायचं. ह्याला पुरावा म्हणून घरात लाल काठाचं एक लांब कापड आहे, ज्याच्यावर आम्ही अप्पळम, म्हणजे पापड, वाळत घालतो. मला ह्या वारशाचं कधी कौतुक वाटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाकून मागे मागे सरकत जाण्यात मिरवण्यासारखं काय आहे, असं मी लहानपणी विचारलं होतं आणि अक्काची तंबी, ह्या वेळी अस्सल मराठी अर्थाने, मिळवली होती. तिने ते शास्त्र वडिलांकडून शिकून घेतलं होतं. घडी आतून बाहेर उलगडायची, म्हणजे हात लागलेली बाजू जमिनीकडे जाते. कापडाला सुरकुती दिसली तर पाहुण्याने चालण्याआधी काढायची, नंतर नाही. आणि घालणाऱ्याने स्वतः त्यावर पाय ठेवायचा नाही. कधीही नाही.

तर आम्ही कानला पोचलो. दुसऱ्या दिवशी मुलीने आम्हांला समुद्राकाठच्या प्रसिद्ध रस्त्यावर नेलं. एका बाजूला राजवाड्यासारखी हॉटेलं, दुसऱ्या बाजूला वाळू. वाळूचे बरेचसे तुकडे त्या हॉटेलांच्या ताब्यात आहेत आणि त्यांवर गाद्या घातलेल्या आहेत. समुद्राकाठी जाऊन समुद्राकडे पाठ करून झोपायचं अशी तिथली पद्धत दिसली. ऊन लख्ख होतं. अक्काने मामींचा मोतीबिंदूचा चष्मा चढवला. मी आजूबाजूला पाहिलं. रस्त्यावरच्या प्रत्येक बाईच्या डोळ्यांवर तसाच चष्मा होता, तेवढाच मोठा, तेवढाच काळा. अख्ख्या शहराचा एकाच दिवशी मोतीबिंदू काढला असावा तसं दिसत होतं, आणि जांभळ्या कांजीवरम साडीतली अक्का त्यांत बेमालूम मिसळून गेली होती.

"इथें इतक्या लोकांचे डोळे खराब आहेत?" तिने विचारलं.

पुढे सिनेमाच्या उत्सवाची इमारत आहे. जगभरच्या वर्तमानपत्रांत जिचे फोटो येतात ती इमारत प्रत्यक्षात काँक्रीटची, अवाढव्य आणि आमच्या नव्या बस स्टँडशी नातं सांगणारी निघाली. तिच्यासमोरच्या फरशीत नटनट्यांच्या पंजांचे ठसे उमटवलेले आहेत. लोक त्या ठशांत आपले हात ठेवून फोटो काढत होते आणि नंतर त्यांवर पाय ठेवून पुढे जात होते. अक्का थबकली.

"हातांवर पाय? ज्यांचे हात त्यांना ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे आत्या, त्यांना खूप प्राउड वाटतं," मुलगी तिच्या कानाशी ओरडली. मुलीला मराठी कळतं सगळं, बोलते अर्धं. उरलेलं अर्धं जी भाषा हाताशी असेल तिच्यातून घेते.

अक्काने साडी जरा वर धरली आणि एकेका ठशाला वळसा घालत, कुणाच्याही बोटाला धक्का न लावता, ती फरशी पार केली. पुष्कळ नट आहेत. पुष्कळ वेळ लागला.

आणि मग त्या पायऱ्या आल्या. उत्सव नव्हता, पण कसलंसं व्यापारी संमेलन भरणार होतं, आणि त्यासाठी दोन कामगार पायऱ्यांवर नवा लाल गालिचा अंथरत होते. जुना अर्धा अजून होता; त्याच्यावर उभं राहून फोटो काढून घ्यायला प्रवाशांची रांग लागली होती. मुलीने आम्हांला रांगेत उभं केलं. तिला तो फोटो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा होता. अक्का रांगेतून बाहेर आली आणि पायऱ्यांच्या डाव्या कडेला, जमिनीवर, हात जोडून नव्हे पण हात आवरून, उभी राहिली.

"आत्या, या ना! वर या!"

"आम्हीं घालणारे. चालणारे वेगळे," अक्का म्हणाली.

"आत्या, प्लीज. फक्त एक फोटो."

"तूंही उतर खालीं. तुझ्या आजोबांनीं पाहिलें असतें तर?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी गालिच्यावर एक पाय ठेवलेला होता. तो मी काढून घेतला. थाटामाटाबद्दल माझी मतं वेगळी आहेत, पण तीनशे लोकांसमोर घराण्याचं खातं सोडायचं धैर्य मला झालं नाही. तीनशे हा माझा अंदाज; अक्का म्हणते चाळीसच होते.

तिचं लक्ष मात्र कामगारांकडे होतं. ते बूट घालून गालिच्यावर उभे होते आणि त्याच्यावरूनच मागे सरकत तो चिकटवत होते. अक्काच्या चेहऱ्यावर पेपर तपासतानाची ती जुनी कळा आली. ती दोन पावलं पुढे गेली आणि हाताने खुणा करू लागली: असं नाही, आतून बाहेर, आतून बाहेर. एक कामगार हसून तिला सलाम करत होता. त्याच वेळी तिच्या पाठीमागून तिसरा कामगार गालिच्याची जाडजूड गुंडाळी ढकलगाडीवर घालून उताराने घेऊन येत होता. गुंडाळीमुळे त्याला पुढचं दिसत नव्हतं, फक्त जांभळं काहीतरी दिसलं असावं. तो ओरडला. पुन्हा ओरडला. मी ओरडलो, "अक्का!" रांगेतले लोक ओरडले. ती शांतपणे हवेत घड्या उलगडत होती.

मुलगी धावली आणि तिने तिला दंडाला धरून ओढलं. गुंडाळीचं टोक पदराला घासून गेलं.

कुणाला काही लागलं नाही. कामगार छातीवर हात ठेवून माफी मागत राहिला. आम्ही अक्काला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"त्यानें फ्रेंचमध्यें हाक मारली ना?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "मग ऐकू येऊन काय कळलें असतें?"

"मी मराठीत मारली," मी म्हणालो. ओरडून नाही, पण तोंड तिच्यासमोर धरून.

तिने घासला गेलेला पदर सारखा केला.

"तूं पुटपुटतोस," ती म्हणाली. पण नेहमीच्या जोराने नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या वस्तीखालच्या मंडईत गेलो. वस्ती टेकडीवर आहे आणि तिचं नाव सुके. समुद्राकाठी सुकें, अक्का म्हणाली, हीं माणसें नांवें ठेवतात तरी कुठल्या भाषेंत? मंडईत एक माणूस मोठ्या तव्यावर हरभऱ्याच्या पिठाची एक प्रसिद्ध वस्तू भाजत होता. लोक कागदात घेऊन भक्तिभावाने खात होते. अक्काने एक घास घेतला आणि निकाल दिला: धिरडें, आंत मिरची घालायची विसरले. पर्समधून पोडीची पुडी काढून तिने विसरलेलं दुरुस्त केलं. त्या माणसाने आपणहून थोडी पोडी मागून घेतली, चाखली, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी सभ्यपणे मान हलवली.

दुपारी बोटीने समोरच्या बेटावर गेलो. तिथे एक किल्ला आहे आणि किल्ल्यात एक कोठडी. तिच्यात फार पूर्वी एक कैदी कित्येक वर्षं ठेवला होता, तोंडावर मुखवटा घालून. तो कोण हे कुणालाच ठाऊक नाही. लोखंडी मुखवटा होता म्हणतात, मखमलीचा होता असंही म्हणतात. जगात ज्याच्याबद्दल काहीच माहिती नाही त्याच्याबद्दल इतके तक्ते मी कुठे पाहिले नाहीत. प्रवासी तावातावाने चर्चा करत होते: राजाचा भाऊ असेल, मंत्री असेल, नोकर असेल. अक्काने जाड भिंत पाहिली, तीनपदरी गजांची खिडकी पाहिली. समुद्र दिसत होता, पण आवाज आत येत नव्हता.

"तंबी," ती म्हणाली, "मुखवट्यांतून त्याला ऐकू येत होतें का रे?"

मी तक्ते पुन्हा वाचले. त्याचं जेवण, त्याचे कपडे, त्याचा जन्म, सगळ्याबद्दल तर्क होते. हे कुणी विचारलेलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"कुणीं बोलतच नसेल त्याच्याशीं," अक्का म्हणाली. "मग काय फरक पडतो." आणि ती बाहेर उन्हात निघून गेली. मी तिच्या मागोमाग गेलो.

शेवटच्या दिवशी फार चालायचं नाही असं ठरलं, म्हणून मुलीने आम्हांला पांढऱ्या छोट्या गाडीत बसवलं. लहान मुलांच्या बागेतल्या गाडीसारखी दिसणारी, पण रबरी चाकांवर रस्त्यावरून जाणारी. प्रत्येक आसनापुढे एक डबी, डबीत भाषांची यादी आणि आवाजाचं बटण, आणि कानांत घालायच्या दोन बोंड्या. बोंड्या पाहून अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की आता डॉक्टर कुठल्या बाजूने येणार ते तिला कळलं आहे.

"सगळ्यांनाच आहेत!" मी ओरडलो आणि गाडीभर बोट फिरवलं. खरंच, सगळ्यांनीच घातल्या होत्या. तरुणांनी, मुलांनी, एका टक्कलवाल्या धिप्पाड गृहस्थानेही. अक्काने इंग्रजी निवडली, बोंड्या घातल्या, आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. त्या बोंड्यांतून येणारा आवाज मला शेजारी ऐकू यायला लागला.

गाडी सुरू झाली. बोंड्यांतला माणूस म्हणाला, डावीकडे पाहा.

अक्काने डावीकडे पाहिलं.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण दोन वर्षांत कुणी "इकडे बघ" म्हटल्यावर तिने त्याच क्षणी तिकडे बघितलं असं मी पाहिलं नव्हतं. आतल्या माणसाने उजवीकडे म्हटलं, ती उजवीकडे वळली. त्याने हॉटेलाची गोष्ट सांगितली, ती हसली, बरोबर हसायच्या जागी. मग ती मला सांगायला लागली, बोंड्या कानांत असल्याने गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात:

"हा माणूस बघ कसा बोलतो! एकेक अक्षर सुटें! तुमच्यासारखें तोंडांतल्या तोंडांत नाहीं!"

टक्कलवाल्या गृहस्थाने आपल्या बोंड्या काढून पाहिलं. मराठी बहुधा त्याच्या यादीत नव्हती.

फेरी संपली. सगळे उतरले. अक्का उतरली नाही. "पुन्हां," ती म्हणाली. दुसऱ्या फेरीत तिने बाहेर फार पाहिलंच नाही. डोळे मिटून बसली होती. तिसऱ्या फेरीत त्या माणसाने काही म्हणायच्या आधी ती मान वळवू लागली.

"आत्याला कान किती आवडलं, अप्पा!" मुलगी म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

तंजावूरला परतल्यावर पंधरा दिवस तिने ह्या विषयावर एक शब्द काढला नाही. अप्पळम वाळत घालताना मात्र ती त्या लाल काठाच्या कापडाची घडी फार मन लावून उलगडत होती. एका सकाळी कॉफीचा पेला पुढे ठेवत म्हणाली, "तंबी, त्या गाडींतल्या माणसासारखें यंत्र इथें मिळेल का?"

मी पेला खाली ठेवला. "मिळेल. त्याच डॉक्टरकडे मिळेल."

"तो पुटपुटतो. पण ठीक आहे. एक अट आहे."

"कोणती?"

"कुठून आणलें असें कुणीं विचारलें तर कानहून आणलें म्हणायचें. तंजावूरचें आहे असें एक अक्षर काढायचें नाहीं."

आयुष्यभर मी बडेजावाची चेष्टा केली आहे. पण म्हातारपणाची पाटी म्हणून जे तिने झिडकारलं होतं, तेच परदेशी वस्तू म्हणून ती कानात घालून गल्लीतून मान वर करून चालायला तयार झाली होती. मी अट मान्य केली. यंत्र जुन्या बस स्टँडजवळच्या दुकानातून आलं. गल्लीत ते कानचं आहे. ह्यात व्याकरणदृष्ट्या काही खोटं नाही.

समोरच्या मामी यंत्र लावल्याच्या पहिल्याच दिवशी काळा चष्मा परत घ्यायला आल्या, अक्काचे डोळे निरखून पाहिले, मग तिच्या कानाकडे पाहिलं आणि थक्क झाल्या. तमिळमध्ये म्हणाल्या, "डोळ्यासाठी इतक्या लांब गेलात, आणि आलात ते कान घेऊन!" अक्काला ते पहिल्या फटक्यात ऐकू आलं. ती इतकी हसली की यंत्राने शिट्टी मारली.

माझं नुकसान झालं आहे, हे नाकारत नाही. यंत्र बसवलं त्याच दुपारी मी सवयीने पानावर बसून स्वतःशी म्हणालो, सांबार आहे की कालव्याचं पाणी. स्वयंपाकघरातून आवाज आला, "कालव्याचें पाणी उद्यां. आज सांबारच आहे." नंतर तिने विचारलं की गेल्या दोन वर्षांत मी आणखी काय काय म्हणत होतो. मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, आठव, रोज थोडें थोडें. आता संध्याकाळी ओसरीवर आम्ही तेच करतो. मी आठवतो, ती उत्तरं देते. दोन वर्षांची थकलेली भांडणं आहेत, बराच काळ पुरतील.

हे लिहायला घेतलं तेव्हा मला एक दिलासा होता. अक्काला देवनागरी वाचता येत नाही. आमच्या घरांत मराठी बोलायची असते, वाचायची नसते. मी अक्षरं शिकलो ते चाळिशीत, हौस म्हणून. तेव्हा हे तिच्या हाती पडलं तरी काही बिघडणार नाही असा माझा हिशेब होता. आज संपवत आलो तर ती शेंगा निवडत शेजारी येऊन बसली.

"काय लिहितोस?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि सवयीने अगदी हलक्या आवाजात पुढे म्हणालो, "तुझी बदनामी."

"वाच मग."

मी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य मोठ्याने सुरू केलं.

"ओरडतोस कशाला?" अक्का म्हणाली. "साधें वाच."

मी साधं वाचलं. टोकनवर ती हसली, पायघड्यांवर तिने मान हलवली. मोरातल्या मिठाचा भाग आला तेव्हा मी आवाज जरासा खाली घेतला.

"तें परत वाच," ती म्हणाली.